आरोग्याचा विमा आणि आरोग्याची हमी

(स्मृतिव्याख्यानाच्या आधारे सिद्ध केलेला लेख)

ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते एखादा नवा विषय शिकविताना प्रथम फळ्यावर एकच शब्द लिहीत आणि वर्गाला त्याच्याकडे काही काळ नुसते पाहावयास लावीत. शब्द नीट समजला नाही तर त्याविषयीचे मतही उसने राहते, अशी त्यांची धारणा होती. आज वृत्तपत्रांतून, निवडणुकीच्या जाहीरनाम्यांतून आणि रुग्णालयांच्या खिडक्यांवर ‘आरोग्य विमा’ हा शब्द सतत दिसतो. त्याविषयी प्रत्येकाचे काही ना काही मतही असते. मराठीचा एक निवृत्त प्राध्यापक या विषयावर अधिकारवाणीने बोलू शकत नाही, याची मला जाणीव आहे. तथापि शब्द, त्यामागची कल्पना आणि त्या कल्पनेचा आपल्या या शहराशी असलेला संबंध उलगडून दाखविणे एवढे काम माझ्या आवाक्यातले आहे, असे वाटल्याने हा विषय निवडला.

आरंभी थोडे व्यक्तिगत. मी जन्माने नांदेड जिल्ह्यातला. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. राज्याच्या सीमा बदलल्या, तरी माणसांच्या वाटा लगेच बदलत नाहीत. मोठे दुखणे आले की आमच्याकडचा माणूस रेल्वेने हैदराबादेस येई आणि मुसी नदीकाठच्या अफझलगंज येथील उस्मानिया रुग्णालयाची पायरी चढे. १९६० च्या सुमारास माझ्या आईची शस्त्रक्रिया तेथेच झाली. उंच घुमटांखालच्या त्या लांब दालनात आम्ही तीन आठवडे होतो. त्या तीन आठवड्यांत कोणीही वडिलांना कसलेही कार्ड विचारले नाही. विमा हा शब्द आमच्या घरात आला तो केवळ आयुर्विम्याच्या एजंटाबरोबर, आणि तोही मृत्यूच्या संदर्भात. आज त्याच वाटेने येणाऱ्या रुग्णाच्या नातेवाइकाला खिडकीवर पहिला प्रश्न ‘कार्ड आहे का?’ असा विचारला जातो. या दोन प्रसंगांमध्ये साठ-पासष्ट वर्षांचा इतिहास आहे. तो समजून घेणे हा या लेखाचा हेतू.

शब्द आणि कल्पना

‘विमा’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत ‘बीम’ म्हणजे भय. भयाची तजवीज ती ‘बीमा’. मराठीने त्याचा ‘विमा’ केला. हैदराबादी उर्दूत ‘बीमा’ आणि ‘बीमार’ हे शब्द एकमेकांशेजारी ऐकू येतात. ते एकाच घरातले असावेत असा मोह कानाला होतो, परंतु तो केवळ ध्वनिसाम्याचा भाग आहे.

विम्यामागील तत्त्व साधे आहे. संकट कोणावर येणार हे आधी कळत नाही, पण अनेकांपैकी काहींवर ते येणार हे निश्चित असते. म्हणून अनेकांनी थोडे थोडे द्यावे आणि ज्याच्यावर प्रसंग येईल त्याने त्यातून घ्यावे. हा व्यवहार टिकण्यासाठी निरोगी माणसांनीही त्यात सामील व्हावे लागते. केवळ आजारी माणसेच आली तर निधी आटतो. उलटपक्षी विमा कंपनीने आजारी माणसांना दूर ठेवून निरोगीच निवडले, तर निधी भरतो पण विम्याचा हेतू संपतो. याशिवाय तिसरी एक अडचण आहे. पैसे तिसराच कोणी देणार असला की रुग्ण संकोच करीत नाही आणि रुग्णालयही करीत नाही. आवश्यक आणि अनावश्यक उपचारांतील रेषा पुसट होऊ लागते.

या अडचणींना जगाने निरनिराळी उत्तरे दिली. जर्मनीत बिस्मार्कच्या काळी, १८८३ मध्ये, कामगारांसाठी सक्तीचा आजारपणाचा विमा आला. त्यात मालक व कामगार दोघांनी हप्ता द्यावयाचा आणि हप्ता वेतनाच्या प्रमाणात असावयाचा. यास सामाजिक विमा म्हणतात. इंग्लंडने १९४८ मध्ये वेगळा मार्ग घेतला. तेथे सर्व नागरिकांची सेवा मुख्यतः करांच्या पैशातून चालते. विमापत्र हा प्रकारच तेथे गरजेचा उरला नाही. तिसरा मार्ग खाजगी विम्याचा. त्यात हप्ता उत्पन्नावर ठरत नाही. वय आणि प्रकृती यांवर ठरतो. म्हणजे ज्याला गरज अधिक, त्याला भार अधिक. माझ्या वयाच्या माजी विद्यार्थ्यांना हे सांगावयास नको. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील वस्तू व सेवा कर रद्द झाला, हा दिलासा खरा. पण वाढत्या वयाबरोबर हप्ता वाढण्याचा नियम त्याने बदलला नाही.

भारतात आज ज्याला आपण शासकीय आरोग्य विमा म्हणतो, तो या तिन्हींपैकी कोणत्याच घरात पूर्णपणे बसत नाही. त्यात लाभार्थी सहसा हप्ता देत नाही. शासन करांच्या पैशातून ठरावीक उपचार ठरावीक दराने विकत घेते, आणि ते पुष्कळदा खाजगी रुग्णालयांकडून घेते. म्हणजे पैसा इंग्लंडसारखा सार्वजनिक आणि सेवा बव्हंशी खाजगी. वादाचे मूळ या जोडणीत आहे.

दोन अहवाल

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर या देशापुढे दोन अहवाल आले. योगायोगाने दोन्हींवर मराठी आडनावांची मोहोर आहे.

पहिला अहवाल प्रा. बी. पी. आडारकर यांचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४३ मध्ये, औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकावर सोपविण्यात आले. १९४४ मध्ये त्यांनी अहवाल सादर केला. काही निवडक उद्योगांतील कामगारांसाठी सक्तीचा व अंशदानावर आधारलेला विमा असावा, अशी त्यांची मांडणी होती. त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा निघाला आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे योजनेस प्रारंभ झाला. हैदराबादेत सनतनगरचे ई.एस.आय. रुग्णालय त्याच परंपरेतील. कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के, असे या अंशदानाचे प्रमाण २०१९ मध्ये ठरले.

दुसरा अहवाल सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा. भोर हे नाशिकला जन्मलेले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले. त्यांच्या समितीने १९४६ मध्ये दिलेल्या अहवालाचे सूत्र असे होते की, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणासही योग्य वैद्यकीय सेवेस मुकावे लागू नये. त्यासाठी समितीने विम्याकडे न पाहता सेवेच्या उभारणीकडे पाहिले. अल्प मुदतीत दर ४०,००० लोकसंख्येस एक प्राथमिक आरोग्य केंद्र. दीर्घ मुदतीत दर १०,००० ते २०,००० लोकसंख्येस ७५ खाटांचे रुग्णालय. प्रतिबंध आणि उपचार एकाच यंत्रणेच्या हाती, आणि डॉक्टर पूर्णवेळ पगारी. ज्या देशातील बहुसंख्य लोकांना हप्ता देण्याइतकेही उत्पन्न नाही, तेथे विम्याने सुरुवात करता येत नाही, हा त्यामागील विचार.

आडारकरांनी ज्याला नोकरी आहे त्याचा विचार केला, भोरांनी ज्याला काहीच नाही त्याचा. एका मार्गाने निधी जमतो, दुसऱ्याने दवाखाना उभा राहतो. खरे तर हे दोन्ही अहवाल परस्परपूरक होते. परंतु प्रत्यक्षात आडारकरांची योजना संघटित कामगारांपुरती राहिली आणि भोरांची योजना निधीअभावी अर्धवट उभी राहिली. प्राथमिक केंद्राची इमारत उठली, पण तेथे डॉक्टर, औषध आणि विश्वास या तिन्हींची टंचाई राहिली. ही पोकळी खाजगी रुग्णालयांनी भरून काढली. हैदराबादेत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ‘कॉर्पोरेट’ रुग्णालयांचा काळ सुरू झाला, आणि पुढे घरातील एकाच्या आजारपणाने सारे कुटुंब कर्जात जाणे ही तेलंगणाच्या आणि मराठवाड्याच्या गावांत नेहमीची कथा झाली.

सेवाग्रामची ज्वारी

याच काळात वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे एक छोटा प्रयोग झाला. तेथील कस्तुरबा रुग्णालयातील डॉ. उल्हास जाजू व त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या आसपास आजूबाजूच्या गावांसाठी आरोग्य विमा सुरू केला. त्याचा हप्ता ज्वारीत घेतला जाई. सुगीनंतर प्रत्येक कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे धान्य द्यावयाचे. भूमिहीनाने थोडे, जमीनवाल्याने जमिनीच्या मानाने अधिक. गावातील बहुतांश कुटुंबे सामील झाली तरच ते गाव योजनेत घ्यावयाचे, असा नियम होता. या निधीतून गावातील आरोग्यसेवकाचे काम व औषधे यांस आधार मिळे, आणि अचानक आलेल्या आजारात रुग्णालयातील उपचार मोफत होत.

विम्याची सारी तत्त्वे या प्रयोगात एकत्र दिसतात. बहुतांश गाव सामील झाल्याने केवळ आजारी माणसेच येण्याची भीती राहत नाही. ऐपतीप्रमाणे हप्ता असल्याने सामाजिक न्याय साधतो. गावातला आरोग्यसेवक असल्याने साधी दुखणी गावातच थांबतात. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्याने पायलीभर ज्वारी दिली तो रुग्णालयात याचक म्हणून जात नाही. तो हिस्सेदार म्हणून जातो आणि जाब विचारू शकतो. अर्थात या प्रयोगामागे एक ध्येयवादी रुग्णालय होते, आणि धान्याने सारा खर्च निघत होता असेही नाही. म्हणूनच तो जसाच्या तसा देशभर नेता येत नाही. पण त्याने दिलेली कसोटी कोणत्याही मोठ्या योजनेला लावता येते.

हैदराबादचा प्रयोग

आता आपल्या शहराकडे वळू. तत्कालीन आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री डॉ. वाय. एस. राजशेखर रेड्डी हे स्वतः वैद्यकीय पदवीधर होते. शस्त्रक्रियेसाठी मुख्यमंत्री निधीकडे येणाऱ्या अर्जांची संख्या मोठी होती. त्या अर्जांच्या जागी एक व्यवस्था उभी करावी, या विचारातून १ एप्रिल २००७ रोजी महबूबनगर, अनंतपूर आणि श्रीकाकुलम या तीन जिल्ह्यांत ‘राजीव आरोग्यश्री’ योजना सुरू झाली. २००८ मध्ये ती साऱ्या राज्यात पसरली. पांढरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत, आणि आवश्यक तर आणखी ५०,००० रुपयांपर्यंत, ठरावीक गंभीर आजारांवर रोकडरहित उपचार मिळू लागले. आरंभी विमा कंपनीमार्फत आणि पुढे थेट शासनाच्या न्यासामार्फत रुग्णालयांना पैसे दिले जात. रुग्णास मार्ग दाखविण्यासाठी रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नेमले गेले, आणि शस्त्रक्रियेची पूर्वमंजुरी संगणकावरून होऊ लागली.

या योजनेने काय साधले, हे प्रथम मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. ज्या चकचकीत रुग्णालयांच्या दारातून शेतमजूर आत पाऊल टाकण्यास धजत नव्हता, तेथे त्याच्या मुलाच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. कर्करोगाचे निदान म्हणजे जमीन विकण्याची सूचना, हे समीकरण अनेक घरांपुरते तरी मोडले. हे श्रेय लहान नाही. योजनेच्या टीकाकारांनीही हे नाकारण्याचे कारण नाही.

परिणाम राज्याबाहेरही झाला. महाराष्ट्रात १९९७ पासून ‘जीवनदायी आरोग्य योजना’ होती. जुलै २०१२ मध्ये ती आरोग्यश्रीच्या धर्तीवर नव्या रूपात आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आणि त्यांत आमचे नांदेडही होते. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव मिळाले. नावांची ही कथा आंध्रात अधिक रंगली. राज्याच्या विभाजनानंतर तेथे तीच योजना सत्तेनुसार कधी एन.टी.आर. यांच्या नावाने, कधी वाय.एस.आर. यांच्या नावाने आणि पुन्हा एन.टी.आर. यांच्या नावाने चालली. नाव बदलणारे सारे पक्ष योजना बंद करण्यास मात्र धजले नाहीत. गरिबाच्या आजारपणाचा खर्च ही शासनाची जबाबदारी आहे, हे एकदा मतदाराच्या मनात रुजले म्हणजे कोणत्याही पक्षाला मागे फिरता येत नाही.

आक्षेपांचा आशय

नागरी संघटना आणि अभ्यासक यांनी या योजनेवर घेतलेले आक्षेप राजकीय विरोधापेक्षा निराळ्या जातीचे आहेत. हैदराबादच्या ‘अन्वेषी’ या स्त्री-अभ्यास संशोधन केंद्राच्या वर्तुळातील राजन शुक्ला, वीणा शत्रुघ्न आणि आर. श्रीवत्सन यांनी २०११ मध्ये असे दाखवून दिले की, या रचनेचा मोठा लाभ खाजगी क्षेत्रास होतो. आरोग्याच्या अंदाजपत्रकातील मोठा वाटा मोजक्या मोठ्या शस्त्रक्रियांकडे वळतो. ताप, क्षय, रक्तक्षय, प्रसूती, मधुमेह या बहुसंख्यांच्या दुखण्यांना त्यातून फारसे काही मिळत नाही. दुसरा आक्षेप अनावश्यक शस्त्रक्रियांचा. राज्याच्या ग्रामीण भागात तरुण स्त्रियांची गर्भाशये काढून टाकण्याचे प्रमाण चिंताजनक असल्याचे काही डॉक्टरांनी व स्त्रीसंघटनांनी निदर्शनास आणले. पुढे शासनाला या योजनेखालील अशा शस्त्रक्रियांवर निर्बंध घालावे लागले. उपचार ‘पॅकेज’ दराने विकत घेतला जातो, तेव्हा ज्याचे पॅकेज आहे त्याच उपचाराकडे रुग्ण वळविला जाण्याची भीती असते, हा या प्रकरणाचा धडा.

रुग्णालयांची बाजूही ऐकली पाहिजे. ठरविलेले दर खर्चास पुरत नाहीत आणि पैसे वेळेवर मिळत नाहीत, ही त्यांची तक्रार जुनी आहे. तेलंगणात थकबाकीच्या कारणावरून २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये संलग्न खाजगी रुग्णालयांनी या योजनेखालील सेवा थांबविल्या होत्या. ज्या व्यवस्थेत शासनाच्या हाती स्वतःची पुरेशी रुग्णालये नसतात, तेथे अशा वेळी रुग्ण दोघांच्या मध्ये उभा राहतो.

देशभरातील आरोग्य चळवळींचा सूरही असाच आहे. २००० साली स्थापन झालेल्या ‘जन स्वास्थ्य अभियाना’ने, तसेच महाराष्ट्रात डॉ. अनंत फडके, डॉ. अभय शुक्ला यांसारख्या कार्यकर्त्यांनी, विम्याऐवजी आरोग्यसेवेचा हक्क आणि खाजगी रुग्णालयांवर सामाजिक नियंत्रण यांची मागणी सातत्याने केली. २०१० मध्ये नियोजन मंडळाने नेमलेल्या तज्ज्ञ गटाचे अध्यक्ष डॉ. के. श्रीनाथ रेड्डी हे आपल्या उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांच्या गटाने २०११ मध्ये शिफारस केली की, सर्वांसाठीची आरोग्यसेवा मुख्यतः करांच्या पैशातून चालवावी, सेवा विकत घेण्याचे काम विमा कंपन्यांकडे देऊ नये, आणि शासनाचा आरोग्यावरील खर्च २०१७ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांपर्यंत न्यावा. भोर समितीचाच आवाज पासष्ट वर्षांनी पुन्हा ऐकू आला, असे म्हणता येईल.

राष्ट्रीय योजना आणि राजकीय मतमतांतरे

केंद्राने २००८ मध्ये ‘राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना’ आणली, ती कुटुंबास ३०,००० रुपयांपर्यंतची होती. २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथून ‘आयुष्मान भारत – प्रधानमंत्री जन आरोग्य योजने’चा आरंभ झाला. १० कोटींहून अधिक कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचार, आणि एका राज्याच्या लाभार्थ्यास दुसऱ्या राज्यातही ते मिळण्याची सोय, ही तिची वैशिष्ट्ये. नांदेडहून हैदराबादेस येणाऱ्या माणसाला या दुसऱ्या वैशिष्ट्याचे मोल कळते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, या योजनेत स्थान मिळाले.

परंतु ‘राष्ट्रीय’ हे विशेषण आपल्या संघराज्यात सहजासहजी लागत नाही. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये राज्यसूचीत आहेत, विमा व्यवसाय संघसूचीत आहे आणि सामाजिक विमा समवर्ती सूचीत आहे. म्हणजे दवाखाना राज्याचा, विमा कंपनीचा कायदा केंद्राचा आणि सामाजिक सुरक्षा दोघांची. तेलंगणातील तत्कालीन शासनाचे म्हणणे असे होते की, आरोग्यश्रीचा लाभ केंद्राच्या योजनेपेक्षा अधिक कुटुंबांना मिळतो. म्हणून राज्य २०२१ पर्यंत केंद्राच्या योजनेबाहेर राहिले. पश्चिम बंगाल आरंभी सामील होऊन जानेवारी २०१९ मध्ये बाहेर पडला. ओडिशा व दिल्ली २०२५ मध्ये आत आले, तेही तेथील सत्तांतरानंतर. खर्चाचा ४० टक्के भार राज्याने उचलावयाचा असताना श्रेय कोणाच्या छायाचित्राखाली जावे, हा प्रश्न या वादात पुष्कळदा आरोग्यापेक्षा मोठा झाला.

पक्षांच्या भूमिका पाहिल्या तर मतभेद वाटतो तितका खोल नाही. केंद्रातील सत्ताधारी पक्ष ५ लाखांची मर्यादा सांगतो. काँग्रेसने २०२४ च्या जाहीरनाम्यात राजस्थानच्या धर्तीवर २५ लाखांचे आश्वासन दिले. तेलंगणाने डिसेंबर २०२३ मध्ये आरोग्यश्रीची मर्यादा १० लाखांवर नेली. स्पर्धा रकमेची आहे. मार्ग एकच आहे. डावे पक्ष मात्र विमाकेंद्रित मार्गालाच विरोध करीत आले आणि सार्वजनिक रुग्णालयांवर भर देत राहिले. सेवेचा हक्क कायद्याने द्यावयाचे ठरले की काय घडते, हे राजस्थानात दिसले. मार्च २०२३ मध्ये तेथे आरोग्य हक्क कायदा संमत होताच खाजगी डॉक्टरांनी मोठे आंदोलन केले, आणि तडजोडीनंतर एप्रिलमध्ये ते मिटले.

पैशाचा हिशेबही पाहू. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा भाग २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट स्वागतार्ह आहे. तथापि शासनाचा खर्च त्या वर्षी राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्केच होता. २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ साठी अडीच टक्क्यांचे लक्ष्य ठेवले होते. शिवाय खिशातून जाणाऱ्या पैशाचा मोठा भाग औषधांवर आणि बाह्यरुग्ण उपचारांवर जातो, आणि विमा योजना बहुतांशी रुग्णालयात दाखल झालेल्यासच लाभ देतात. हिशेबाच्या सचोटीचा प्रश्नही उरतोच. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले सुमारे साडेसात लाख लाभार्थी आढळले होते.

एका मामांची गोष्ट

आकड्यांचा अर्थ मला एका माणसाने शिकविला. एका शिक्षणसंस्थेतील सेवक; विद्यार्थी आणि आम्ही अध्यापक सारेच त्यांना मामा म्हणत असू. तरुणपणी लातूरकडून आलेले. रक्तदाबाचा विकार त्यांना पन्नाशीच्या आतच जडला. गोळ्यांना महिन्याला दोनशे-अडीचशे रुपये लागत. शासकीय दवाखान्यात त्या मोफत मिळत, पण सकाळी रांगेत उभे राहिले की दिवस जाई, आणि कधी खिडकीपाशी पोहोचल्यावर औषध संपल्याचे कळे. मुलांच्या शुल्काच्या महिन्यात मामा गोळ्या सोडून देत. विचारले तर म्हणत, “सर, काही दुखत तर नाही.” मी त्यावर फार काही केले नाही, ही माझी चूक आजही मला टोचते.

२०११ मध्ये त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान झाले. आता मात्र सारी दारे उघडली. पांढरे कार्ड होते. एका मोठ्या रुग्णालयात आठवड्यातून दोनदा डायलिसिस मोफत होऊ लागले. आरोग्यश्रीने त्यांना आणखी पाच वर्षे दिली. त्या पाच वर्षांत मुलीचे लग्न झाले आणि नातू त्यांच्या मांडीवर खेळला. हे ऋण मी मनापासून मान्य करतो. पण त्यांच्या अखेरच्या आजारात त्यांच्या उशाशी बसलेला असताना एक विचार मनातून जाईना. ज्या विकाराची गोळी वेळेवर मिळावी म्हणून कोणतीही योजना त्यांच्या दारी आली नव्हती, त्याच विकाराच्या शेवटच्या पायरीवर शासनाने गोळ्यांच्या किमतीच्या कितीतरी पट पैसा खर्च केला होता. आडारकरांचा निधी मामांना मिळाला, पण भोरांचा दवाखाना मिळाला नाही.

समारोप

यावरून विमा नको, असा निष्कर्ष काढणे मला योग्य वाटत नाही. उद्या शस्त्रक्रियेची गरज असलेल्या माणसाला, आधी प्राथमिक केंद्रे उभी राहू देत, असे सांगता येत नाही. थायलंडने २००२ मध्ये सर्वांसाठी आरोग्य सुरक्षेचा कायदा केला, तेव्हा नागरी संघटनांनी हजारो स्वाक्षऱ्या गोळा करून त्याची मागणी केली होती. पण त्या कायद्यापूर्वी कित्येक वर्षे तेथील शासन जिल्ह्याजिल्ह्यांत रुग्णालये उभारीत आणि तरुण डॉक्टरांना ग्रामीण सेवेस पाठवीत होते. निधी आला तेव्हा तो खर्च करण्यास जवळचा दवाखाना तयार होता. आपल्याकडे क्रम उलटा झाला, आणि तो सुधारणे अद्याप आपल्या हाती आहे. २०१८ च्या योजनेतच दीड लाख आरोग्य केंद्रांचा दुसरा भाग होता. त्याची चर्चा निवडणुकीत क्वचितच होते.

मुसीकाठची ती इमारतही या संदर्भात आठवते. जुलै २०२० मध्ये उस्मानिया रुग्णालयाच्या जुन्या इमारतीच्या दालनांत पावसाचे पाणी शिरले आणि तेथील रुग्णांना हलवावे लागले. ३१ जानेवारी २०२५ रोजी गोशामहल येथे नव्या इमारतीची पायाभरणी झाली. त्याच २०२० मध्ये साथीच्या ऐन भरात या शहराचा मुख्य आधार होते ते शासकीय गांधी रुग्णालय. साथ आली की कार्डापेक्षा खाट मोलाची ठरते, आणि खाट आधी बांधून ठेवलेली असावी लागते.

म्हणून आपल्यातील सुजाण नागरिकांनी, मग त्यांचा कल कोणत्याही पक्षाकडे असो, मत मागण्यास येणाऱ्यास योजनेच्या रकमेपलीकडचे तीन प्रश्न विचारावेत, अशी माझी विनंती आहे. रक्तदाबाची आणि मधुमेहाची गोळी घराजवळ, न चुकता आणि मोफत मिळेल काय? विम्याचा पैसा घेणाऱ्या शासकीय व खाजगी रुग्णालयांचा हिशेब आणि उपचारांचा दर्जा कोण तपासणार, आणि त्यात रुग्णांचा आवाज असेल काय? आणि शासकीय रुग्णालयांत डॉक्टर, परिचारिका व खाटा वाढविण्यास दरवर्षी किती पैसा ठेवला जाईल? सेवाग्रामच्या शेतकऱ्याने ज्वारी देऊन जो हिस्सेदाराचा अधिकार मिळविला, तोच अधिकार साबण, औषध यांवर कर देणाऱ्या प्रत्येकाला आहे. तो भीक मागत नाही.

माझ्या आईला त्या लांब दालनात आणले तेव्हा तेथील परिचारिकेने तिला उर्दूत पहिला प्रश्न विचारला होता, तो ‘कुठे दुखते?’ असा. आईला उर्दू फारशी येत नव्हती, तरी तो प्रश्न कळला. रुग्णालयाच्या खिडकीवर कार्डाचा प्रश्न मागे पडून पुन्हा हा प्रश्न पहिला यावा, याहून अधिक अपेक्षा राष्ट्रीय आरोग्य विम्याकडून मी करीत नाही, आणि याहून कमी अपेक्षा आपण कोणीही करू नये. ज्या गुरूंनी आम्हांस शब्द पाहावयास शिकविले, त्यांच्या स्मृतीस वंदन करून हे विवेचन येथे संपवितो.